मांडीवरच्या लेकराचं तिकीट

देवावर माझा विश्वास लहानपणापासून होता. पण देव स्वतःला नीट सांभाळेल, यावर मात्र माझा काडीचाही विश्वास नव्हता. त्याला कुणाचा हात लागेल, कुणाची सावली पडेल, उष्टंखरकटं जवळ जाईल, अशी मला सदा धास्ती. सासूबाईंनी जाण्याआधी देवघर माझ्या ओटीत घातलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "सूनबाई, देव आता तुझ्या जिवावर आहेत." ते वाक्य मी अगदी शब्दशः घेतलं. पुढची वीस वर्षं मी देवांची भक्त कमी आणि राखणदार जास्त होते, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही खामगावला राहायचो. आमचे हे एका जिनिंगमध्ये कारकून होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की गावभर रुईची बारीक धूळ उडायची. ती अंगणातल्या तुळशीवर बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि यांच्या छातीत जाऊन बसायची. दमा आधीपासून होताच. त्या वर्षी तो इतका वाढला की रात्र रात्र हे उशाला टेकून बसायचे आणि मी पाठ चोळत राहायचे. डॉक्टरांनी एक काचेचा पंप दिला होता. पुढे काचेची नळी, मागे रबरी फुगा. नळीत औषधाचे थेंब घालायचे, नळी तोंडात धरायची आणि फुगा दाबायचा, की चार-सहा दाबांत श्वास मोकळा व्हायचा. मला त्या पंपाचं फार कौतुक होतं. पण एक दिवस कंपाउंडरने नको ती माहिती दिली. म्हणाला, "वहिनी, हे औषध जनावराच्या ग्रंथीतून काढतात बरं का." झालं! त्या दिवसापासून पंप आणि औषधाची बाटली एका निळ्या पिशवीत गेली, आणि पिशवी देवघरापासून सगळ्यांत लांबच्या खुंटीवर. हे हसायचे. "अगं, तुझा देव एवढा नाजूक आहे का?" म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्ही श्वास घ्या, देवाचं मी बघते."

फाल्गुन लागला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना पंधरा दिवस तरी या धुळीतून बाहेर काढा, डोंगराची कोरडी हवा द्या. बुलढाण्याच्या वाटेवर घाटातल्या जंगलात जंगल खात्याचा एक बंगला होता. साहेब लोक तिथे सुट्टी घालवायला जायचे. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर आणि एक चौकीदार. जिनिंगच्या मालकांनी ओळखीने पंधरा दिवसांचा परवाना मिळवून दिला. आता प्रश्न जाण्याचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिथे तर जीपने जातात. तुम्ही काय एस.टी.ने जाणार?" मी म्हटलं, "साहेबांना जीप लागते. आम्हाला पाय आहेत." खामगाव-बुलढाणा गाडी बंगल्याच्या फाट्यावरून जाते, फाट्यापासून बंगला अडीच मैल आत. चौकीदाराला पत्र टाकलं होतं की बैलगाडी घेऊन फाट्यावर ये. सगळं माझ्या हिशेबात चोख बसलं होतं. पत्र आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचणार होतं, एवढंच काय ते मला ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवस देवांना घरी उपाशी ठेवणं शक्यच नव्हतं. सगळं देवघर नेता येत नाही म्हणून नुसता रांगता बाळकृष्ण घेतला. बोटभर उंचीचा, एका हातात लोण्याचा गोळा. त्याला संपुष्टात ठेवलं. संपुष्ट म्हणजे प्रवासात देव न्यायचा झाकणाचा पितळी डबा. आमचा सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला होता. सकाळी स्टँडवर गाडीत चढलो. खिडकीपाशी हे, शेजारी मी, माझ्या मांडीवर संपुष्ट. ट्रंक आणि वळकटी टपावर गेली. आणि ती निळी पिशवी मी उठून चार बाकं मागे, शेवटच्या खिडकीजवळच्या आकड्याला अडकवून आले. हे म्हणाले, "अगं, ती जवळ असू दे." मी म्हटलं, "जवळच आहे की, याच गाडीत आहे."

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. चाळिशीचा, मिशीवाला, बोलका माणूस. मला म्हणाला, "बाई, डबा वरते फळीवर ठेवा. मानसं बसून राह्यली, जागा होऊ द्या."

"फळीवर नाही ठेवायचा. देव आहेत त्यात," मी म्हटलं.

"देव हायेत? मंग देवाचं अर्धं तिकीट काढा!"

अख्खी गाडी हसली. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट लागत नाही. तुमचाच कायदा आहे."

आता गाडी त्याला हसली. तोही हसला आणि म्हणाला, "हाव, हे बराबर हाय." पुढे सरकता सरकता मागच्या माणसाला म्हणाला, "सांभाळून बस रे, बाईच्या लेकराले धक्का लागंल." मला मनातून बरं वाटलं. देवाची बाजू आपण राखली, असं वाटलं.

दुपारी बाराच्या पुढे गाडी फाट्यावर थांबली. टपावरून सामान खाली आलं, कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघून गेली. मी आधी काय पाहिलं असेल? संपुष्टाचं झाकण नीट बसलंय ना, ते. गाडीच्या धुळीपासून वाचवायला मी डबा पदराखाली घेतला होता. सामान मोजलं तेव्हा ट्रंक, वळकटी, शिध्याची पडशी आणि फिरकीचा तांब्या एवढं सगळं होतं. निळी पिशवी मोजायची मला आठवणच झाली नाही. ती माझ्या सामानात मी कधी धरलीच नव्हती.

बैलगाडीचा पत्ता नव्हता. आजूबाजूला नुसता उघडाबोडका साग, मधूनच फुललेला पळस, आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. अर्धा तास वाट पाहिली. हे म्हणाले, अजून थोडं थांबू. पण मला थांबणं जमत नाही. मी म्हटलं, ट्रंक पळसाखाली राहू दे, आपण चालत जाऊ, चौकीदार येऊन घेऊन जाईल. वळकटी यांनी उचलली. मी नको म्हटलं, पण तेही माझ्यासारखेच हट्टी. जंगलची वाट गुडघाभर फुफाट्याची. जेमतेम दोन फर्लांग गेलो असू, हे थांबले, झाडाला हात टेकला, आणि मला छातीतली शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी मी ओळखत होते. म्हटलं, "बसा, पंप देते." आणि हात लांब केला तेव्हा कळलं की पंप बुलढाण्याकडे निघून गेला आहे.

त्या क्षणी काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. काखेत देव होता, आणि माझ्या माणसाचा श्वास चार बाकं मागे आकड्याला लटकून निघून गेला होता. तोही कुणी विसरला म्हणून नव्हे, मी स्वतः उठून तिथे टांगला म्हणून. यांना बोलायला श्वासच नव्हता. नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हेच मला सगळ्यांत जास्त लागलं. ओठ निळे पडायला लागले होते, खांदे वर-खाली होत होते. मी त्यांना आडवं करायला लागले.

"आडवं पाडू नका माय! बसवा त्यायले, बसवा!"

डोक्यावर वाळक्या लाकडांची मोळी घेतलेली एक बाई वाटेने धावत येत होती. मोळी तिने तिथेच टाकली, यांच्या मागे बसली आणि दोन्ही हातांनी त्यांना पुढे वाकवून धरलं. "माह्या बापाले हेच होतं. आडवं पाडलं का मानूस जाते. पुढं वाकू द्या. हां, असं." मग दोघींनी मिळून यांना उठवलं आणि थांबत थांबत सडकेकडे परत आणलं. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर तिची झोपडी होती. तिचं नाव पंचफुला. तिचा नवरा सुखदेव मैलकुली होता. मैलकुली म्हणजे सडकेचा एक मैल ज्याच्या ताब्यात असतो तो सरकारी कामगार. खड्डे बुजवायचे, खडी पसरायची, रस्ता बंद असेल तर लाल झेंडी धरून गाड्या थांबवायच्या. पंचफुलाने दारातूनच हाळी दिली आणि तो फावडं टाकून आला.

झोपडीपुढे सडकेच्या कडेला यांना खडीच्या पोत्याला पुढे टेकवून बसवलं. पंचफुलाने चूल पेटवून मूठभर पत्तीचा, बिनदुधाचा, काळाभोर चहा उकळला आणि घोट घोट पाजायला लागली. हे तो तिच्या पेल्यातून प्यायले. मी बघत राहिले. आमच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी अजून निम्मं होतं, आणि त्या वेळीही माझ्या मनात आलं, चहा या पाण्याचा करायला सांगायला हवं होतं. मनाच्या सवयी अशा मेल्या! माणूस समोर गुदमरत असतो आणि त्या आपल्या चालूच राहतात.

चहाने थोडा उतार पडला, पण शिट्टी थांबेना. मी सुखदेवला पिशवीचं सांगितलं. त्याने विचारलं, "कोनती गाडी? मघाची, मिशीवाल्या कंडाक्टरची? ते तीन वाजता बुलढान्याहून देऊळघाटले जाते, मुक्कामी. मंग उद्या सकाळपावतर काही नाही." आणि यांच्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "सकाळपावतर लई उशीर होईल." घाटाखालून एका ट्रकचा घरघराट येत होता. तो म्हणाला, "लाकडाचा ट्रक चढून राह्यला. थांबवतो. मी जातो अन् साडेतीनच्या खामगाव गाडीनं वापस येतो."

मी ट्रंकेतून कागद काढायला धावले. म्हटलं, चिठ्ठी लिहून देते. त्याने मान हलवली. "चिठ्ठी नको बाई. चिठ्ठी कोनीबी लिव्हते. मांगं एकदा अशीच चिठ्ठी दाखवून कोनी दुसऱ्याचीच पेटी घेऊन गेलं. तवापासून तो कंडाक्टर खुनेबिगर वस्तू देत नाही. खून द्या."

आमच्या भागात ही जुनी रीत. निरोप्याबरोबर खूण पाठवायची. कुणी अंगठी देतं, कुणी अडकित्ता, कुणी तंबाखूची चंची. समोरच्याने ओळखली की निरोप खरा. मी हातातली बांगडी काढायला लागले. सुखदेव म्हणाला, "बांगडी त्यानं पाह्यली का? बांगड्या तं साऱ्यायच्याच हातात हायेत. त्यानं तुमचं काय पाह्यलं, ते द्या."

त्याने माझं काय पाहिलं होतं? ट्रकचा आवाज जवळ येत होता. कंडक्टरने माझी एकच गोष्ट पाहिली होती, आणि ती माझ्या काखेत, पदराखाली होती.

सुखदेवलाही ते कळलं असावं. तो पुढे झाला नाही. दोन पावलं मागेच सरला आणि सरळ म्हणाला, "बाई, आदीच सांगतो. आमी धम्म घेतला. देवधरम आता आमच्यात राह्यला नाही. अन् तुमच्याकडचं मले मालूम हाय. मी हात लावलेला तुमाले चालंल का, ते तुमी पाहा."

वीस वर्षांत त्या डब्याला घराबाहेरच्या कुणाचं बोट लागलं नव्हतं. सख्ख्या नणंदेलाही मी अंघोळ केल्याशिवाय हात लावू देत नसे. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे मिटलेले होते आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, देव तुझ्या जिवावर आहेत. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, त्यांना उलटं तर म्हणायचं नसेल?

"घ्या," मी म्हटलं. त्याला 'घ्या' म्हटलेलं माझं मलाच ऐकू आलं.

त्याने रांजणावर हात कोपरापर्यंत धुतले, पंचफुलाने दिलेलं धुतलेलं उपरणं पसरलं, आणि त्यात डबा घेतला. म्हणाला, "मानत नाही म्हून काय झालं? अमानत हाय तुमची." देताना मी डब्यावर ओठ टेकवून पुटपुटले, "बाळा, जा. औषध घेऊन ये." आजवर मी त्याला लोणी दिलं, झोका दिला, कपडे शिवले. काम कधी सांगितलं नव्हतं.

सुखदेवने झेंडी दाखवून ट्रक थांबवला, झेंडी घाईघाईत खडीवर टाकली आणि चढला. ट्रक वळणाआड गेला. मी परत येऊन बसले तेव्हा माझी मांडी रिकामी होती. सकाळपासून ज्या ओझ्याने पाय अवघडले होते ते गेलं होतं, आणि पायांना काही सुचत नव्हतं.

आणि मग जे झालं ते मी जसं घडलं तसं सांगते, कुणी काही म्हणो. मला वाटलं होतं, मी आता रडेन, नवस बोलेन. तसं काही झालं नाही. मन एकदम स्वस्थ झालं. पोर शहाणं असलं आणि त्याला कामावर धाडलं, की आई जशी दाराकडे नजर ठेवून आपलं काम करत राहते, तशी मी यांची पाठ चोळत राहिले. तो येणार, हे मला माहीत होतं. पुढ्यात मूर्ती नव्हती, फूल नव्हतं, हात धुतलेले नव्हते, आणि तरीही वीस वर्षांत मी त्याच्याशी इतकी बोलले नव्हते. मध्येच घशाला कोरड पडली. तांब्यातलं पाणी यांना पाजून संपलं होतं. पंचफुलाने रांजणातलं पाणी गडव्यात भरून आणलं, माझ्यापुढे धरलं आणि घेईन की नाही म्हणून क्षणभर थांबली. मी घेतलं. थंडगार होतं. मी आणखी मागितलं.

चार वाजले, सव्वाचार झाले. यांचा श्वास पुन्हा ओढायला लागला. पंचफुला चहा पाजत होती आणि आपल्या बापाच्या गोष्टी सांगत होती, तो कसा दम्यासकट सत्तर वर्षं जगला आणि शेवटपर्यंत बिड्या ओढायचा. हे त्याही अवस्थेत हसले. पावणेपाचला खामगाव गाडी वळणावर दिसली. गाडी थांबायच्या आतच सुखदेव दारात उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, निळी पिशवी होती.

मी पिशवी सोडली. आत शेजारी शेजारी संपुष्ट आणि पंप. कंडक्टरने दोन्ही एकाच पिशवीत घालून तोंडाला घट्ट गाठ मारली होती, डब्याच्या आधाराने काच फुटू नये म्हणून. जनावराच्या ग्रंथीचं ते औषध आणि माझा बाळकृष्ण बुलढाण्यापासून एकमेकांना टेकून आले होते. मी डबा बाजूला ठेवला, कुठे ठेवला तेही पाहिलं नाही, आणि नळीत थेंब घातले. चौथ्या दाबाला खांदे खाली आले. दहाव्याला यांनी डोळे उघडले आणि दम लागल्यापासूनचं पहिलं धड वाक्य बोलले, "अगं, देव कुठे ठेवलास?"

डबा खडीच्या ढिगावर होता. ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि तो छान चकाकत होता. मी तेव्हा रडले, पोटभर रडले.

मग सुखदेवने सगळं सांगितलं. ट्रक घाटात तापला, रेडिएटरला पाणी पाजण्यात वेळ गेला. स्टँडच्या तोंडाशी पोचला तर देऊळघाटची गाडी निघालेली, फाटकातून बाहेर वळत होती. गाडी थांबवायची त्याची रोजची सवय, हात कमरेला गेला, पण झेंडी तर इथे खडीवर पडलेली. "मंग काय करतो? डबाच वर केला," तो म्हणाला. गाडीच्या पुढ्यात उभा राहून त्याने माझा देव दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. तो शिव्या घालायच्या बेतात होता, तेवढ्यात मागून कंडक्टर ओरडला, "थांब बे! हे तं त्या बाईचं लेकरू हाय!" पिशवी त्याने आपल्या सीटखाली जपून ठेवली होती. स्टँडच्या कचेरीत जमा करायची, पण तिथले साहेब जेवायला गेले होते. दोन्ही वस्तू बांधून देताना त्याने सुखदेवला बजावलं, "मांडीवर घेऊन बस. खाली ठेवजो नको. मांडीवरच्या लेकराले तिकीट नाही, अन् फळीवर ठेवलं तं ते बाई माह्याशी भांडंल."

"मंग आनलं मांडीवर," सुखदेव म्हणाला. "एक घंटा हाललो नाही."

त्यानेच एका लाकडाच्या बैलगाडीवाल्याला थांबवून आम्हाला बंगल्यावर धाडलं. दिवेलागणीच्या आत पोचलो. चौकीदार आम्हाला पाहून चकित. ना पत्र, ना जीप, आणि साहेब म्हणून पाठीशी उशी लावलेला एक फिकट कारकून. त्या संध्याकाळी मी विहिरीवर अंघोळ केली आणि पूजेला बसले. आता शुद्धी करायला हवी होती. पंचगव्य, गोमूत्र, मंत्र, मला सगळं पाठ होतं. मी बाळकृष्णाला पाण्याने नेहमीसारखी अंघोळ घातली, पुसलं, आणि दूधसाखर दाखवली. दमून आलेल्या पोराला कुणी आधी घासूनपुसून शुद्ध करत नाही, जेवायला वाढतं. शुद्धीचं मग राहूनच गेलं, ते कायमचं.

पंधरा दिवस आम्ही तिथे सुखात राहिलो. यांनी परवान्यातला एक दिवसही वाया घालवला नाही. सकाळ-संध्याकाळ ओसरीत बसून श्वास घ्यायचा, हाच उद्योग. पुढल्या रविवारी सुखदेव आणि पंचफुला भेटायला आले. मी प्रसाद पुढे केला, तर सुखदेव हसून म्हणाला, "परसाद राहू द्या बाई, चहा पाजा." मी चहा केला, चौघांना एकाच जातीच्या कपांतून, आणि चौघे एकाच सतरंजीवर बसून प्यायलो. दूध घातलं होतं तरी हे म्हणाले, पंचफुलाबाईंच्या चहाची सर नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. यांचा दमा आहे, पण आटोक्यात आहे. नवीन औषधं निघाली आणि तो काचेचा पंप मागे पडला. मी तो टाकला नाही. धुऊन, पुसून देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवला. रबरी फुगा कडक होऊन तडकलाय, पण रोज एक फूल त्यालाही वाहते. येणारी-जाणारी विचारतात, हा कुठला देव? सत्यनारायणाला आलेले गुरुजी तर चष्मा वर करून बघत राहिले. मी त्यांना सांगितलं, "ही आमची खूण आहे." त्यांना काही कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. देव मुठीत धरून ठेवला तोवर तो माझ्या जिवावर होता. मूठ उघडली तेव्हा कळलं की आम्हीच त्याच्या जिवावर आहोत. एवढं कळायला मला वीस वर्षं आणि एक चुकलेली पिशवी लागली. त्या मिशीवाल्या कंडक्टरला, त्या ट्रकवाल्याला आणि त्या दोघा नवरा-बायकोला माझा रोजचा नमस्कार असतो. देवाच्या आधी.

एक मात्र राहिलं. त्या रविवारी चहा झाल्यावर सुखदेव जरा संकोचून म्हणाला होता, "बाई, डब्यात होतं काय? मी उघडून पाह्यलं नाही." मी संपुष्ट आणलं, झाकण काढलं आणि त्या दोघांपुढे धरलं. दोघं वाकून बघत राहिले. बोटभर बाळ, रांगतंय, हातात लोणी. पंचफुलाच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरंच काही आगळीक केली होती.

"एवढंसं लेकरू," ती म्हणाली, "अन् एवढ्या दूर एकटं धाडलं तुमी?"

आज ती भेटली तर सांगेन. एकटं कुठं धाडलं होतं, पंचफुलाबाई? मांडी होती की त्याला.